संबळाची मजुरी

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, उद्घाटन ना. धों. महानोर यांनी केले आणि संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले होते. नाव यथायोग्य होते. तेरचा हा कुंभार याच जिल्ह्यातला, आणि कोण पक्का व कोण कच्चा हे ठरविण्याचा अधिकार मराठी परंपरेने ज्या मोजक्या माणसांना दिला त्यांपैकी तो एक. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून त्याने मडक्यांची पारख केली आणि नामदेवांसारख्या लोकमान्य कीर्तनकाराला ‘कच्चे मडके’ ठरविले, ही कथा पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. परीक्षकाच्या हाती जे होते ते त्याच्या धंद्याचे हत्यार होते. काव्याची पारख आणि मडक्याची पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करणाऱ्याने दुसरीत हात मळवू नयेत, हा शहाणपणा पुढच्या काळातील आहे.

हा शहाणपणा कोणाचा, हे जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच ओळखले होते. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्याशी एकी करून काय साधणार, असा त्या नकाराचा आशय होता. हेच जोतीराव १८६९ मध्ये शिवाजीराजांचे चरित्र सांगायला निघाले तेव्हा त्यांनी पोवाड्याचा घाट निवडला. ज्या लोकांशी बोलायचे होते ते लोक ज्या घाटात ऐकत होते तोच त्यांनी घेतला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे सत्यशोधक जलसे निघाले, आंबेडकरी जलसे निघाले, आणि १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. या तिघांतील अमरशेख धाराशिवला अगदी लागून असलेल्या बार्शीचे.

एवढी परंपरा पाठीशी असताना लोकप्रिय कलेचा प्रश्न पुरोगामी वर्तुळात आजही चुकीच्या ठिकाणी उभा केला जातो. तो अभिरुचीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. एक पक्ष म्हणतो, लोकांची अभिरुची बिघडली; मिरवणुकीत छातीत धडकी भरवणाऱ्या भिंती वाजतात, लग्नात सिनेमाची गाणी वाजतात, प्रतिभेला जागा उरलेली नाही. दुसरा पक्ष म्हणतो, लोकांना जे आवडते ते लोकांचेच. त्यावर नाक मुरडणे हा अभिजनांचा अहंकार. पहिल्या पक्षाच्या तोंडी संस्कृत काव्यशास्त्रातील प्रतिभा असते, दुसऱ्याच्या तोंडी लोकशाही. दोघांच्याही बोलण्यात एक शब्द कधीच येत नाही, आणि तो म्हणजे मजुरी. गाणारा काय खातो, वाजविणाऱ्याला रात्रीचे किती मिळतात, त्याने वाजविलेले पुढे कोणाच्या मालकीचे होते, हे प्रश्न सोडून सर्जनशीलतेची चर्चा करणे म्हणजे कापूस पिकविणाऱ्याचे नाव न घेता कापडाच्या पोताची चर्चा करणे होय.

तुळजापूरच्या या जिल्ह्यात हा प्रश्न गोंधळ्याच्या उदाहरणावरून पाहणे सोईचे. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घालण्याची चाल सर्वपरिचित आहे. चौक मांडतात, पाटावर नवे वस्त्र, धान्य, कलश ठेवतात, दिवटी पेटते. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आमंत्रण दिले जाते. मग आख्यान लागते आणि पहाटे आरती होते. एवढे वर्णन शाळेच्या पुस्तकातही सापडेल. त्यात जे सापडत नाही ते असे, की मधल्या चार-पाच तासांत मुख्य गोंधळी आणि त्याचा साथीदार जे करतात त्याला कोणतीही लिखित संहिता नसते. साथीदार अडवतो, वेडगळ शंका काढतो, गावातल्या ताज्या भानगडीचा धागा पुराणातल्या प्रसंगाला जोडतो. यजमान कोण, समोर बायका किती, पोरे झोपली की जागी आहेत, हे पाहून आख्यान लांबते, आखडते, वळते. तेच आख्यान दुसऱ्या गावी दुसरेच होते. नाट्यशिक्षणाच्या संस्थांत ज्याला उत्स्फूर्त रंगाविष्कार म्हणून स्वतंत्र अभ्यासक्रम आहे ते हा माणूस बापाच्या मांडीला मांडी लावून बसून शिकलेला असतो.

आणि विषय तरी कोणते! जांभूळ आख्यान हे गोंधळ्यांच्या भांडारातले. पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते, हा त्याचा गाभा. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते शहरी रंगमंचावर नेले तेव्हा जाणत्या प्रेक्षकांनी त्यातील धीटपणाचे कौतुक केले. हा धीटपणा देवीच्या चौकासमोर, सासवा-सुनांच्या देखत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पतिव्रतेच्या मनाचा असा ठाव घ्यायला मराठी कादंबरीला बराच अवकाश लागला.

येथे आपल्याच गोटातील एक आक्षेप हमखास येतो. गोंधळ, आराध, पोत, परडी ही सारी अंधश्रद्धेची उपकरणे. त्यांचे गोडवे समाजवाद्यांनी का गावेत? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. देवीच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा याच श्रद्धेच्या शेजारी वाढली आणि ती बंद करण्यासाठी महाराष्ट्राला २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा करावा लागला, हे कोणी विसरू नये. गोंधळ्याची कला ही जातीने लादलेली चाकरी होती हेही विसरू नये. त्याला ती नाकारण्याचा हक्क नव्हता, आणि ज्याला नाकारण्याचा हक्क नाही त्याच्या सेवेला परंपरा म्हणून मिरविणे हा निर्लज्जपणा आहे. भटक्या जमातींच्या यादीत आज ज्या समाजाची नोंद आहे त्याच्या पोराने संबळ खुंटीला टांगून तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास धरला, तर त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. ‘लोककला जपा’ असे त्याला सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात हे विचारावे.

परंतु प्रथा आणि प्रज्ञा यांत भेद करायचाच नाही असे ठरविले तर हातात काय उरते? राममनोहर लोहियांना हा भेद कळत होता. राम, कृष्ण आणि शिव यांच्यावर त्यांनी लिहिले ते भक्त म्हणून लिहिले नाही. १९६१ मध्ये चित्रकूटला रामायण मेळा भरविण्याची कल्पना मांडली तीही पुण्य जोडण्यासाठी नव्हे. कोट्यवधी माणसांची कल्पनाशक्ती ज्या कथांत गुंतलेली आहे त्या कथांकडे पाठ फिरविणारे राजकारण त्या माणसांकडेही पाठ फिरविते, हे त्यांनी जाणले होते. आपण पाठ फिरविली. ती जागा रिकामी राहिली नाही. ज्यांनी ती भरली त्यांचे झेंडे आज प्रत्येक जत्रेच्या कमानीवर दिसतात. त्यांना आख्यानातील द्रौपदी नको आहे, फक्त गर्दी हवी आहे.

आता मजुरीकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीतील समाजशास्त्रीय लेखनाचा तो पाया मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण या ग्रंथात फिरस्त्यांचा हिशेब मांडताना आत्र्यांनी तो कुणब्यावरील भार म्हणून मांडला. खळ्यावर येऊन कोण काय मागतो, किती पसे धान्य जाते, याची नोंद झाली. त्या धान्याच्या बदल्यात कुणब्याच्या घरी काय आले, याचा रकाना त्या वहीत नाही. वर्षभर मातीशी झगडणाऱ्या माणसाला एका रात्री महाभारत मिळाले, विनोद मिळाला, त्याच्या बायकोच्या मनातले बोलणारे कोणी मिळाले, हे उत्पन्न शून्य धरले गेले. एकतर्फी जमाखर्चात कोणीही भिकारी ठरतो. मोठ्या ग्रंथांतही वर्गदृष्टीचे असे आंधळे ठिकाण असते. आणि ही वही अजून मिटलेली नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातील चार होते आणि उस्मानाबाद त्यांपैकी एक. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य, पायाभूत सुविधा अशा पाच विषयांत जिल्ह्याची प्रगती मोजली जाते. हे पाचही विषय निकडीचे आहेत यात वाद नाही. पण संबळ वाजविणे हे कौशल्य त्या मोजपट्टीत कोठे बसते, हे कोणत्याही अधिकाऱ्याला विचारून पाहावे.

‘लोकांना आता डीजेच आवडतो’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे अर्थशास्त्र पाहावे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन साधे आहे. कारखान्यात यंत्र सुधारते, एका मजुराकडून पूर्वीच्या कितीतरी पट माल निघतो आणि त्या आधारावर मजुरी वाढू शकते. चार वाद्यांसाठी लिहिलेली संगीतरचना वाजविण्यास मात्र दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे लागत होती आणि आजही चारच लागतात. वेळही तेवढाच लागतो. सर्वत्र मजुरी वाढली की प्रयोगकलेचा खर्च इतरांच्या तुलनेत वाढतच जातो, आणि बाजारावर सोडून दिले तर ती मरते. यात अभिरुचीचा काही संबंध नाही.

हे गणित धाराशिवला लावा. गोंधळाला चार माणसे आणि एक अख्खी रात्र लागते. दोन माणसांनी अर्ध्या रात्रीत गोंधळ उरकला तर तो गोंधळ राहत नाही, उरकाउरकी होते. ध्वनिवर्धकांची भिंत घेऊन येणारा मात्र यंत्राच्या जोरावर एका संध्याकाळी हजार माणसांना नाचवितो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी हजर असतो. त्यात यजमान कोण? सोयाबीनचा भाव पडला की ज्याच्या लग्नाच्या खर्चाची वही पहिल्यांदा आखडते तो शेतकरी. कळंब तालुक्यातील हासेगावचे कथाकार भास्कर चंदनशिव यांनी ‘लाल चिखल’मध्ये भाव न मिळालेल्या टोमॅटोंचा बाजारातच पायाखाली चिखल करणारा शेतकरी उभा केला, पाठ्यपुस्तकातून ती कथा महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी वाचली. त्या शेतकऱ्याच्या घरी पुढच्या लग्नसराईत गोंधळ कसा होणार? टोमॅटोचा चिखल झाला की संबळाचाही होतो. लोकांची अभिरुची बिघडली असे म्हणण्यापूर्वी लोकांच्या खिशाची चौकशी करण्याची तसदी आपल्या सांस्कृतिक समीक्षकांनी कधी घेतली आहे काय?

या चित्राची दुसरी बाजू अधिक संतापजनक आहे. ज्या नादाला घरी यजमान मिळत नाही त्या नादाला बाजारात मोठी किंमत आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि देवीची गाणी फितीवर चढली. कॅसेटने एक चांगली गोष्ट केली. मोठ्या कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणगृहांची दारे ज्यांना बंद होती असे गळे घरोघर पोहोचले. पण धंद्याची रीत अशी, की गाणाऱ्याला एकदाच काही रक्कम हातावर ठेवायची आणि कागदावर सही घ्यायची. नंतर किती प्रती खपल्या हे त्याला कळायचे कारण नाही. त्यानंतर चित्रपटांनी संबळाची ताकद ओळखली. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटातील संगीत देवीच्या उपासकांच्या याच परंपरेच्या जोरावर उभे होते आणि अजय-अतुल यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सगळे जुने आकडे मोडले, २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतारही निघाला. या कलावंतांना चोर म्हणण्याचा मूर्खपणा येथे करायचा नाही. त्यांची निर्मिती खरी आहे. ज्यांना पडद्यावर कधी नायक होता आले नाही अशी माणसे त्यांनी पडद्यावर आणली. प्रश्न व्यक्तींचा नाही, व्यवस्थेचा आहे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडला तो येथील संपत्ती मोबदल्याविना बाहेर जाते या अनुभवावर. संबळाचा नाद तुळजापूरहून फुकट मुंबईला जातो आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून विकत तुळजापूरला परत येतो. हे निःसारण नव्हे तर काय?

कायदा काय म्हणतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्त्याला हक्क देतो. पण ज्या गाण्याचा कर्ता एक नाही आणि नोंदलेला नाही ते गाणे कायद्याच्या दृष्टीने बेवारस. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्यालाही हक्क मिळाले. त्या दुरुस्तीतील व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीही तीत आहे. म्हणजे दिल्लीच्या मसुदाकारांना निदान जत्रा माहीत होती! २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या मोबदल्यात वाटा दिला आणि तो लिहून देऊनही जाणार नाही अशी तरतूद केली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढविला. प्रयोगकर्त्यालाही व्यापारी वापराच्या मोबदल्याचा हक्क त्याच दुरुस्तीने दिला. कागदावर हे सारे उत्तम. परंतु मुंबईच्या गीतकारापाशी संघटना होती, वकील होते, राज्यसभा होती. आराधी मेळ्यातील बाईपाशी काय आहे? तिचे गाणे जत्रेत कोणी मोबाइलवर टिपून घेतो, त्यावर जाहिराती लागतात, पैसे टिपणाऱ्याकडे जातात. आणि तिने स्वतःच ते पुढे प्रसारित करायचे म्हटले तर त्याच पारंपरिक चालीवर मालकी सांगणारी कंपनी यंत्राकरवी आडवी येऊ शकते. आजीकडून आलेल्या गाण्याबद्दल नातीने परवानगी मागायची, असा हा न्याय.

परदेशांतही हेच घडले आहे. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याला मिळाले दहा शिलिंग. तीच चाल अमेरिकेत नवे शब्द लेवून जगभर गाजली आणि पुढे डिस्नेच्या चित्रपटातही आली. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात मेला; त्याच्या मुलींना कोर्टाची पायरी चढल्यानंतर २००६ मध्ये तडजोडीने मोबदला मिळाला. लिंडाचे निदान नाव नोंदलेले होते. ज्यांचे नावच नाही त्यांच्यासाठी १९७३ मध्ये बोलिव्हियाने युनेस्कोपुढे प्रश्न उभा केला आणि १९८२ मध्ये युनेस्को व जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांनी मिळून लोककलांच्या संरक्षणासाठी नमुना कायदा तयार केला. नमुना नमुनाच राहिला. त्याआधी १९५८ मध्ये अर्जेंटिनाने एक वेगळी वाट काढली होती. ज्या कृतीवर कोणाचा खाजगी हक्क उरलेला नाही तिचा व्यापारी वापर करणाऱ्यानेही शुल्क भरावे आणि ते कलांसाठीच्या राष्ट्रीय निधीत जमा व्हावे, असे त्यांनी ठरविले. कायदा कोणत्या सरकारने केला हा प्रश्न सोडून द्या. तत्त्व समाजवाद्यांना शोभणारे आहे. सार्वजनिक विहिरीवर पंप बसवून पाणी विकणाऱ्याने गावाला काही द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

‘लोक’ म्हणजे नाव नसलेले, ही समजूतही एकदा तपासून पाहिली पाहिजे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, ते मोठेच काम. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावे, गावे यांसह नोंदविल्या. नावे विचारली तेव्हा नावे मिळाली! लोककला निनावी असते असे नाही. टिपून घेणाऱ्याला नाव विचारण्याची सवय नसते. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील भाजक्या मातीच्या मूर्ती पाहताना हाच विचार मनात येतो. तगर या नावाने रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या या नगरीची नोंद परदेशी प्रवासवृत्तात झाली, व्यापारी मालाची झाली. मूर्ती घडविणाऱ्या हातांची कोणी केली नाही. दोन हजार वर्षांत पद्धत फारशी बदललेली दिसत नाही.

शासन काहीच करीत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना पन्नासच्या दशकापासून आहे. कितीतरी वर्षे या योजनेत कलावंतांची राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती आणि मानधन त्याप्रमाणे कमीजास्त मिळे. गोंधळी अर्थातच तिसऱ्या वर्गाचा डबा. २०२४ मध्ये ही प्रतवारी रद्द करून सर्वांना दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण मानधन म्हातारपणी मिळते, तेही कलावंत असल्याचे पुरावे जोडल्यावर. रात्रभर अंगणात उभे राहून गाणाऱ्याला यजमान प्रमाणपत्र देत नसतो. आणि ज्याला तरुणपणी मजुरी मिळाली नाही तो म्हातारा होईपर्यंत संबळ धरून बसेलच कशाला?

शासनाला नावे ठेवणे सोपे असते. आपल्या सभांचे काय? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर घडविले, हे आपण अभिमानाने सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमरशेखांचा आवाज सभांच्या आधी, सभांच्या मध्ये आणि सभांच्या नंतरही गाजत होता, तो भाषणाची प्रस्तावना नव्हता. आज पुरोगामी पक्षांच्या मेळाव्यात शाहिराचे काम एकच उरले आहे. पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे. मोटार दिसली की सूत्रसंचालक शाहिराच्या कानाशी लागतो आणि पोवाडा अर्ध्या कडव्यावर तुटतो. शाहीर डफ काखेत मारून मागच्या रांगेत जाऊन बसतो. या दृश्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हेच वावगे आहे. ज्याला आपण जनतेची संस्कृती म्हणतो तिला आपण भोंग्याच्या बरोबरीने वागवितो. भांडवलदार निदान तिची किंमत तरी जाणतो आणि म्हणून ती लुबाडतो. पुन्हा आपली अपेक्षा अशी, की शाहिराने आपण दिलेला मजकूर आपण दिलेल्या तालात म्हणावा. गोंधळ्याचा साथीदार यजमानाच्या तोंडावर यजमानाची खोडी काढतो. पक्षाच्या व्यासपीठावर पक्षाची खोडी काढण्याची मुभा कोणत्या शाहिराला आहे? जेथे ती नाही तेथे निर्मिती होत नाही, घोषणा होते.

म्हणून सुरुवात स्वतःच्या जमाखर्चापासून करावी. मेळाव्याच्या हिशेबात मंडप, ध्वनिक्षेपक, वाहने, हार यांना स्वतंत्र ओळी असतात आणि कलावंताचे मानधन ‘किरकोळ’मध्ये जाते, त्याची ओळ वेगळी करावी आणि रोजगार हमीच्या मजुराला आपण जो न्याय मागतो तोच त्याला द्यावा. गोंधळी, आराधी, वासुदेव, पोवाडेकार यांची तालुकावार संघटना बांधावी. कळंब, परंडा, भूम, तुळजापूर येथे शेतमजुरांची सभा घेता येते तर यांचीही घेता येईल. रात्रीचा किमान दर काय असावा हे त्यांनीच एकत्र बसून ठरवावे, ध्वनिमुद्रण करू देण्याचा करार कसा असावा याचा छापील नमुना त्यांच्या हाती असावा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न त्याच सभेत निघावा. व्यापारी वापरावरील शुल्काची मागणी विधिमंडळात नेणारा आमदार मिळेल न मिळेल. दर ठरविण्यासाठी आमदाराची गरज नाही.

तुळजापुरात एक काम ताबडतोबीने करण्यासारखे आहे. तुळजाभवानी मंदिर संस्थानच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात, म्हणजे हा कारभार सार्वजनिक आहे. राज्य शासनाने २०२५ मध्ये तुळजापूरसाठी १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. ज्या देवीच्या नावाने हे कोट्यवधी रुपये येणार तिची कीर्ती कित्येक शतके गावोगाव कोणी पोहोचविली? कवड्यांची माळ घालून पायी फिरणाऱ्यांनी. या आराखड्यात त्यांच्यासाठी, त्यांच्या मुक्कामासाठी, त्यांच्या रंगमंचासाठी, त्यांच्या मजुरीसाठी किती रुपये धरले आहेत, हे धाराशिवच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे आणि उत्तर येत्या नवरात्राच्या आत गोंधळ्यांच्या सभेत वाचून दाखवावे. अर्जाला दहा रुपये शुल्क पडते.